बेडकाच्या हृदयात रक्त मिसळतं, मग तो जगतो कसा?

सातारी_बाप:

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी करते. माझं शिक्षण कॉमर्सचं, तरी रात्री तिच्याबरोबर बसतो. सध्या प्राण्यांची हृदयं चालू आहेत. गाइडमध्ये तक्ता दिलाय: मासा २ कप्पे, बेडूक ३, पाल-साप-कासव ३ आणि अर्धवट पडदा, मगर ४, पक्षी आणि सस्तन ४. खाली एक वाक्य: बेडकाच्या एकाच निलयात (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यात) दोन्ही प्रकारचं रक्त मिसळतं, म्हणून त्याचं अभिसरण 'अपूर्ण'.

मुलीने तिथेच पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, "बाबा, बेडूक आपल्या कितीतरी कोटी वर्षं आधीपासून आहेत. एवढ्या काळात त्यांना मधला एक पडदा पुरा करता आला नाही? आणि मगर आणि घोरपड दोघीही सरपटणाऱ्या, मग एकीला चार आणि दुसरीला तीन का?" मला काही सांगता आलं नाही. क्लासमध्ये विचारलं तर "एवढं परीक्षेला येत नाही" असं उत्तर मिळालं. इथे कोणी नीट समजावून सांगेल का? परीक्षेसाठी नको, तिला खरंच जाणून घ्यायचंय.

गुणपत्रिका:

थोडक्यात सांगतो. बेडूक शीतरक्ती आहे. शरीर गरम ठेवायला त्याला ऊर्जा खर्च करावी लागत नाही, त्यामुळे ऑक्सिजनची गरज कमी, आणि मिसळलेलं रक्तही त्याला पुरतं. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना सतत शरीर तापवायचं असतं, म्हणून चार कप्पे. पेपरात हे लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतात.

वाळूतली_शिंपली:

सातारी बाबा, तुमच्या लेकीचा प्रश्न मला फार आवडला. गुणपत्रिका यांनी सांगितलं ते खरं आहे, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. कमी ऑक्सिजनवर भागतं एवढंच त्यातून कळतं. पडदा नसण्याचा बेडकाला काही उपयोग होतो का, हे कळत नाही. आणि होतो, चांगलाच होतो.

मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. कप्पे मोजून हृदयांना पायऱ्यांवर बसवणारा हा तक्ता मी वर्गात कधी तसाच्या तसा लिहू दिला नाही. कप्प्यांवरूनच हृदयाची प्रत ठरवायची तर झुरळाला पहिला नंबर द्यावा लागेल, कारण त्याच्या हृदयाला १३ कप्पे असतात, पाठीखाली एकामागे एक. पण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं. ऑक्सिजन वाहून नेणं हे त्या रक्ताचं कामच नव्हे. शरीराच्या बाजूंना बारीक छिद्रं असतात, तिथून निघालेल्या नळ्या हवा थेट पेशींपर्यंत नेतात.

म्हणून लेकीला सांगा, हृदय समोर आलं की कप्पे नंतर मोज. आधी दोन गोष्टी विचार. या प्राण्याच्या रक्ताला ऑक्सिजन कुठे मिळतो? आणि ते रक्त किती दाबाने ढकलावं लागतं?

मासा घ्या. त्याचं हृदय छातीत नसतं, गळ्याखाली, कल्ल्यांच्या लगेच मागे असतं. शरीरातून आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं सगळं रक्त त्यात येतं, तिथून कल्ल्यांत जातं, आणि कल्ल्यांतून परस्पर शरीरात. मध्ये हृदयाकडे परत येतच नाही. एकच रांग असल्यामुळे मिसळण्याचा प्रश्नच नाही. मात्र कल्ल्यांतल्या केशवाहिन्यांमधून जाताना दाब बराच खर्च होतो आणि पुढचं शरीर उरलेल्या दाबावर चालतं. पाण्यात अंगाचा भार पाणीच पेलतं, रक्त उंच चढवावं लागत नाही, म्हणून हे निभतं. खरी अडचण वेगळी आहे. माशाच्या हृदयातून जाणारं रक्त आधीच वापरलेलं असतं, आणि बऱ्याच माशांत हृदयाच्या स्नायूला त्यातलाच उरलासुरला ऑक्सिजन मिळतो. जिवाच्या आकांताने पोहणाऱ्या माशाचं शरीर रक्तातला जास्त ऑक्सिजन काढून घेतं, आणि नेमकं तेव्हाच हृदयाच्या वाट्याला सगळ्यात कमी येतो.

आता बेडूक. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पुस्तक म्हणतं, उजव्या अलिंदात (रक्त आधी येऊन जमतं त्या कप्प्यात) शरीरातलं ऑक्सिजन नसलेलं रक्त, डाव्यात फुप्फुसातलं ऑक्सिजन भरलेलं. ही आपल्या हृदयाची ओळ बेडकाला चिकटवलेली आहे. बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो तसाच ओल्या कातडीनेही घेतो. निलयातून निघणाऱ्या धमन्यांपैकी एक जोडी फुटून तिचा एक फाटा फुप्फुसात जातो आणि दुसरा कातडीत. फुप्फुसातलं रक्त डाव्या अलिंदात परत येतं. कातडीतलं, म्हणजे तेही ऑक्सिजन घेतलेलंच रक्त, शरीराच्या शिरांना मिळतं आणि उजव्या अलिंदात येतं. म्हणजे बेडकाच्या दोन्ही अलिंदांत ऑक्सिजन येतो. किती कुठून, हे तो कुठे बसलाय त्यावर ठरतं.

तळ्याच्या काठावर बसून गळा हलवत असेल तेव्हा फुप्फुसाचं रक्त सरस असतं. थंड पाण्याच्या तळाशी दबून बसला की फुप्फुसातली हवा संपत जाते, तिथल्या वाहिन्या आकसतात, आणि कातडीच बहुतेक काम करते. अशा वेळी मध्ये पक्का पडदा असता तर काय झालं असतं? उजवीकडच्या प्रत्येक थेंबाला शरीराकडे जायच्या आधी फुप्फुसातून फेरी मारावीच लागली असती, फुप्फुसात घेण्यासारखं काही नसलं तरी. एकच निलय असल्यामुळे बेडूक ती फेरी टाळू शकतो. फुप्फुसाकडे किती रक्त पाठवायचं आणि शरीराकडे किती, हे त्याला परिस्थिती बघून बदलता येतं. आपल्याला ते जमत नाही. आपल्या उजव्या बाजूने जेवढं रक्त फुप्फुसात जातं, तेवढंच डाव्या बाजूने शरीरात जावं लागतं.

शिवाय त्या एका निलयात सगळं ढवळून निघतं असंही नाही. आतून तो पोकळ पिशवीसारखा नसतो, स्नायूंच्या दोऱ्यांनी भरलेला, स्पंजासारखा असतो. दोन अलिंदांतलं रक्त त्या खाचांमध्ये बरंचसं आपापल्या बाजूला राहतं. बाहेर पडायच्या नळीत एक पिळाची झडप असते, ती प्रवाहांना आपापल्या वाटेला लावायला मदत करते. रक्तात खूण ठेवून केलेल्या प्रयोगांत दोन प्रवाह पुस्तकात दिसतात त्यापेक्षा कितीतरी वेगळे राहिलेले आढळले आहेत.

पूर्वी बी.एस्सी.ला बेडूक उघडायचो, तेव्हा हे डोळ्यांनी दिसायचं. निलय आकुंचन पावला की फिका पडायचा, सैल झाला की गडद लाल व्हायचा. दोऱ्यांच्या फटींतलं रक्तच आत-बाहेर होत असतं, म्हणून रंग पालटतो. आणि त्याच्या पृष्ठभागावर आपल्या हृदयावर असतात तशा रक्तवाहिन्या शोधूनही सापडत नाहीत. त्या स्नायूचं पोषण आतूनच होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद केलं. मला ते योग्य वाटलं आणि आजही वाटतं. पावसाळ्यात शेतातून पोती भरून बेडूक यायचे, तेवढ्या जिवांच्या बदल्यात वर्गातली निम्मी मुलं हृदयाकडे बघायचीसुद्धा नाहीत. बेडकांच्या पायांची निर्यात तर त्याआधी १९८७ मध्येच थांबवावी लागली होती. पण तो पालटणारा रंग ज्याने नीट पाहिला, तो बेडकाच्या हृदयाला 'अपूर्ण' म्हणणार नाही.

पडदा श्वासाच्या अवयवाशी कसा बांधलेला आहे याची एक साक्ष देते. अमेरिका खंडात सॅलमँडरांचं एक मोठं कुळ आहे, त्यांना फुप्फुसंच नसतात, सगळा श्वास कातडी आणि तोंडातून. त्यांचं डावं अलिंद अगदी लहान होऊन गेलंय, दोन अलिंदांमधला पडदाही पुरता नाही. फुप्फुसातून येणारं रक्तच नाही, तर त्याच्यासाठी वेगळी खोली कशाला राखायची?

मग आपल्याला पडदा का लागला? 'रक्त मिसळू नये म्हणून' हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं दाबात आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत ते फारसं येत नाही. निलय एकच असेल तर त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा दाबही साधारण एकच. माणसाच्या डाव्या निलयातून रक्त निघतं ते १२० च्या आसपास दाबाने (तेच आपलं बीपी), आणि उजव्यातून फुप्फुसाकडे जातं ते फक्त २५ च्या आसपास. फुप्फुसातली भिंत अतिशय पातळ असावी लागते, नाहीतर हवा पार होणार नाही. तिच्यावर १२० चा दाब पडला तर रक्तातलं पाणी झिरपून फुप्फुसं भरतील. मेंदू उंचावर ठेवायचा, धावायचं, अंग गरम राखायचं, तर शरीराकडचा दाब मोठा हवा आणि फुप्फुसाकडचा लहान. एका खोलीत दोन दाब राहत नाहीत. बेडकाने शरीराकडचाच दाब कमी ठेवून हे सोडवलंय. तरीही त्याच्या वाहिन्यांतून इतकं पाणी झिरपतं की ते परत आणायला त्याला लसीकेची वेगळी छोटी हृदयं आहेत, दोन पुढे आणि दोन मागे.

आता मगर आणि घोरपड. घोरपडीच्या निलयात पुरा पडदा नाही, म्हणून तक्त्यात तीन. पण आकुंचनाच्या वेळी आतला स्नायूचा कंगोरा समोरच्या भिंतीला असा टेकतो की तेवढ्यापुरत्या दोन खोल्या होतात, शरीराकडे जास्त दाब, फुप्फुसाकडे कमी. अजगरातही हेच. मगरीचं बरोबर उलटं. तिच्यात पडदा पुरा आहे, चार कप्पे पक्के. पण तिच्या उजव्या निलयातून फुप्फुस धमनीच्या शेजारी आणखी एक धमनी निघते, डावी महाधमनी, आणि ती जाते शरीराकडे! दोन महाधमन्यांच्या मुळाशी त्यांना जोडणारं छिद्रही असतं. इटलीतल्या पाव्हियाचे बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी १८३३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखतात. मगर निवांत श्वास घेत असते तेव्हा डावीकडचा दाब जास्त असतो, त्यामुळे डाव्या महाधमनीतही ऑक्सिजन भरलेलंच रक्त जातं. फुप्फुसाकडच्या वाटेवर दातेरी झडप असते. ती आवळली की उजव्या निलयातला दाब वाढतो आणि तिथलं रक्त फुप्फुस टाळून डाव्या महाधमनीतून थेट शरीरात जातं. महाडला सावित्रीत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत मगरी बुडी मारून बसतात, त्यांच्या छातीत ही सोय आहे. अमेरिकन अॅलिगेटरवरच्या अभ्यासातून असंही पुढे आलंय की हे कार्बन डायऑक्साइड भरलेलं रक्त जठराकडे जाऊन तिथे आम्ल तयार व्हायला मदत करतं. अख्खं हाड पचवणाऱ्या प्राण्याला ते लागणारच.

म्हणजे तीन कप्प्यांची घोरपड चारासारखी वागते आणि चार कप्प्यांची मगर गरज पडली की तीनासारखी. तक्त्यात हे कुठे बसवणार?

लेकीच्या मूळ प्रश्नाबद्दल एवढंच. बेडूक चार कप्प्यांच्या दिशेने निघून वाटेत थांबलेला नाही. त्याला तिकडे जायचंच नव्हतं. पक्षी आणि सस्तन प्राण्यांनी तर हा पडदा एकमेकांपासून स्वतंत्रपणे मिळवला. खूण हवी असेल तर महाधमनीची कमान बघा. आपली डावीकडे वळते, पक्ष्यांची उजवीकडे.

प्रतिध्वनी_पुणे:

शिंपलीताई, वाचताना अंगावर काटा आला. मी पुण्यात लहान मुलांच्या हृदयाचे इको (हृदयाची सोनोग्राफी) करते. 'पडद्याला छिद्र' हे रोज बघते, पण ते बेडकाच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही दाबाचं सांगितलंत तेच आमच्या स्क्रीनवर दिसतं. दोन निलयांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असलेलं बाळ निळं पडेल असं आईवडिलांना वाटतं. सुरुवातीला ते निळं नसतं. डावीकडचा दाब जास्त, म्हणून चांगलं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांत पूर येतो. बाळ धापा टाकतं, दूध पिताना घामाघूम होतं, वजन वाढत नाही. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुप्फुसातल्या वाहिन्यांचा दाब अजून पुरता उतरलेला नसतो, तेव्हा बरीच बाळं बरी दिसतात. दाब उतरला की त्रास सुरू. उपचाराविना वर्षं गेली तर फुप्फुसाच्या वाहिन्या जाड आणि कडक होतात, मग प्रवाह उलटतो आणि मूल निळं पडतं. त्या टप्प्यावर छिद्र बंद करून उपयोग होत नाही. म्हणून बाळाचा श्वास जोरात चालतोय असं वाटलं तर 'मोठं झाल्यावर बुजेल' म्हणून थांबू नका, एकदा तपासून घ्या. लहान छिद्रं खरंच बुजतात, पण कोणतं लहान ते इकोच सांगतो.

सातारी दादा, तुमच्या मुलीला हेही सांगा की आपण सगळेच गर्भात असताना फुप्फुस टाळत होतो. तिथे ऑक्सिजन वारेतून येतो, फुप्फुसात हवाच नसते. म्हणून दोन अलिंदांमध्ये एक झाकणाचं छिद्र असतं आणि फुप्फुस धमनीतून महाधमनीकडे जाणारी एक नळी असते. बहुतेक रक्त या दोन वाटांनी फुप्फुसाला वळसा घालून जातं. पहिल्या रडण्याबरोबर दाब बदलतात, झाकण लागतं, नळी पुढच्या दोन-तीन दिवसांत आवळते. साधारण चारांतल्या एका मोठ्या माणसात ते झाकण कायमचं चिकटलेलं नसतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

आणखी एक. काही मुलं एकाच चालत्या निलयासह जन्मतात. त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या बोर्दोचे सर्जन फ्रान्सिस फॉन्तां यांनी १९६८ मध्ये एक शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तिच्या आजच्या रूपात शरीरातून परत येणाऱ्या मोठ्या शिरा हृदय टाळून थेट फुप्फुस धमनीला जोडतात. फुप्फुसातून रक्त स्वतःच्या ओघाने जातं, आणि एकटा निलय फक्त शरीराला रक्त देतो. एक पंप, एक रांग. ताई, हे जवळजवळ माशाचंच अभिसरण झालं ना?

वाळूतली_शिंपली:

प्रतिध्वनी, अगदी बरोबर! फक्त क्रम उलटा. माशात पंपानंतर आधी कल्ले आणि मग शरीर, तुमच्या मुलांत आधी शरीर आणि मग फुप्फुस. माशाला शरीराकडे कमी दाब मिळतो, या मुलांना फुप्फुसाकडे. म्हणूनच या शस्त्रक्रियेआधी फुप्फुसाचा दाब कमी आहे ना हे डॉक्टर इतकं पारखून बघतात, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

प्रतिध्वनी_पुणे:

हो, तीच पहिली अट. आणि नंतरही शिरांमधला दाब चढाच राहतो, त्यामुळे यकृतावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

मांदेली_फ्राय:

ताई, एक शंका. मासे साफ करताना कल्ले ओढले की त्यांच्यामागे एक लाल तिकोनी तुकडा येतो आणि त्याला पुढे पांढरा गोळा चिकटलेला असतो. लाल ते हृदय, हे कळतं. पांढरं काय? आमच्या आई त्याला चरबी म्हणतात.

वाळूतली_शिंपली:

चरबी नाही. तो हृदयाचाच पुढचा भाग आहे. लाल तिकोनी म्हणजे निलय. त्याच्यामागे गडद, मऊ, पातळ पिशवी असते ते अलिंद, साफ करताना ती बहुतेक वेळा फाटते. पांढरा गोळा लवचिक धाग्यांचा असतो. निलयाने झटक्यात रक्त सोडलं की तो फुगतो आणि मग हळूहळू आकसत ते कल्ल्यांत सोडतो, म्हणजे नाजूक कल्ल्यांना झटका बसत नाही. बोटात दाबून बघा, रबरासारखा लागेल.

कुपा (टूना) मिळाला तर त्याचं हृदय जरूर बघा. लांब पल्ल्याचा वेगवान मासा, त्यामुळे निलय मोठा, टोकदार आणि जाड. बाहेरचा थर घट्ट स्नायूंचा आणि त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या. वर मी म्हटलं की बऱ्याच माशांच्या हृदयाला उरलासुरला ऑक्सिजन मिळतो, कुप्याने त्यावर काढलेली ही वाट आहे.

आणि कोळंबीच्या पाठीतला काळा धागा ही शीर नव्हे, ते आतडं. तिचं हृदय डोक्याच्या कवचाखाली मागच्या टोकाला, पाठीकडे असतं. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये लिहिलंय की थेम्स नदीतल्या पारदर्शक कोळंबीत त्यांनी मित्रांना धडधडतं हृदय दाखवलं होतं, कापाकापी न करता.

सातारी_बाप:

ताई, प्रतिध्वनी, काय बोलू! दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी आता विचारतेय, ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला? तिला तुमची सवय लागली.

वाळूतली_शिंपली:

तिलाच ते दोन प्रश्न विचारायला सांगा, उत्तर निम्मं मिळेल. ऑक्सिजन कल्ल्यांत मिळतो, आणि कल्ल्यांत दाब खर्च होतो, माशासारखाच. ऑक्टोपसने दोन्ही कल्ल्यांच्या तोंडाशी एकेक पंप ठेवलाय आणि तिसरा शरीरासाठी. म्हणजे कल्ल्यांतून आलेलं रक्त शरीराकडे पुन्हा नव्या जोराने जातं. त्याचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं, आपल्या लाल रक्ताइतका ऑक्सिजन त्यात मावत नाही, म्हणून तो जोर हवाच. मात्र तो पोहायला लागला की शरीराचं हृदय थांबतं. त्यामुळे ऑक्टोपस लवकर दमतो आणि शक्यतो तळावरून सरपटत जातो.

बाजारात मुशी (छोटा शार्क) मिळाली तर तिचं हृदय लेकीकडून उघडून घ्या. पुढच्या नळीत झडपांच्या रांगा दिसतील, आणि ती नळी वर सांगितलेल्या माशाच्या पांढऱ्या गोळ्यासारखी नुसती लवचिक नसून स्नायूंची असते. कात्री बोथट टोकाची घ्या, आणि पुढून मागे कापत जा.